के देझोर्फेव्र : खुनाची गोष्ट, न सांगितलेला इतिहास

दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. ऑक्टोबर १९४७मध्ये फ्रान्सात ‘के देझोर्फेव्र’ प्रदर्शित झाला. हे नाव म्हणजे पॅरिसच्या गुन्हे शाखेचा तेव्हाचा पत्ता. दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो तेव्हा नुकताच बंदीतून सुटला होता. जर्मन ताब्याच्या काळात तो जर्मनांच्या कॉन्टिनेंटल कंपनीत पटकथा विभागाचा प्रमुख होता. तिथेच त्याने निनावी चिठ्ठ्यांनी पोखरलेल्या गावावर ‘कावळा’ (१९४३) काढला. मुक्तीनंतर त्याच्यावर आधी आजन्म बंदी आली, मग ती दोन वर्षांवर आली.

पुनरागमनासाठी त्याने बेल्जियन लेखक स्टीमनची रहस्यकथा निवडली. पण पुस्तक मिळेना. मग आठवणीवरच पटकथा लिहिली गेली, आणि खुनीच बदलला! स्टीमन नाराज झाला, यात नवल नाही.

गायिका जेनी, तिचा संशयी नवरा आणि एका लंपट श्रीमंत म्हाताऱ्याचा खून. खुनी कोण, ते सांगत नाही. मला त्यात फारसा रसही नाही. माझं लक्ष राहतं ते लुई जूव्हेने साकारलेल्या इन्स्पेक्टर आंत्वानवर. वसाहतीतल्या फौजेत राहून आलेला हा माणूस एका मिश्रवर्णीय मुलाला एकट्याने वाढवतो, त्याच्या परीक्षेची काळजी करतो. मुलाची आई कोण, तिचं काय झालं, याचा मात्र पत्ता नाही. साम्राज्याचा इतिहास असाच एखाद्या पोराच्या चेहऱ्यावर उरतो आणि आईचं नाव गळून जातं.

दुसरं मौन याहून जड आहे. जुलै १९४२मध्ये याच शहराच्या पोलिसांनी सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडून छावण्यांच्या वाटेला लावलं. त्यांत चार हजारांवर मुलं होती. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने ही जबाबदारी जाहीरपणे मान्य करायला १९९५ उजाडलं. पाचच वर्षांनंतरच्या या चित्रपटातले पोलीस थकलेले, थंडीने कुडकुडणारे, माणूसपण असलेले दिसतात. त्या दिवसांबद्दल चकार शब्द नाही.

तरी क्लूझोने पोलिसांना धुऊन स्वच्छ केलं, असं मी म्हणणार नाही. एक म्हातारा टॅक्सीवाला आहे. त्या रात्रीच्या प्रवासी बाईला ओळखायची त्याची इच्छा नाही. पोलीस त्याला दटावतात, त्याच्या पोटावर पाय येईल असं सुचवतात. अखेर तो तिच्याकडे बोट दाखवतो आणि तिथेच तिची माफी मागतो. चार वर्षं शेजाऱ्यांवर चहाड्या झालेल्या देशात १९४७चा प्रेक्षक हा प्रसंग पाहत होता.