अल्टूनाचे पंचवीस सामने

अल्टूना हे अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातले रेल्वे कारखान्यांचे गाव. १८८४ साली या गावाचा बेसबॉल संघ एकदम देशपातळीवरच्या व्यावसायिक लीगमध्ये जाऊन बसला. त्यामागे होते सेंट लुईसचे धनिक हेन्री लुकस. जुन्या नॅशनल लीगमध्ये क्लबने ‘राखीव’ ठरवलेल्या खेळाडूला मालकाच्या मर्जीशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. वेठबिगारीच म्हणा ना! हा नियम न मानणारी ‘युनियन असोसिएशन’ लुकस यांनी काढली. पण चांगले खेळाडू मात्र त्यांनी आपल्याच सेंट लुईस संघात भरले. त्या संघाने पहिले वीस सामने ओळीने जिंकले. अल्टूना पहिले अकरा ओळीने हरला. निकाल आधीच ठरलेला खेळ पाहायला तिकीट कोण काढणार? मेअखेर, २५ सामने आणि अवघे सहा विजय एवढ्यावर अल्टूनाचा संघ मोडला. त्याच्या जागी कॅन्सस सिटी आला. १८८५ च्या जानेवारीत लीगच आटोपली आणि लुकस आपला संघ घेऊन चक्क नॅशनल लीगमध्ये दाखल झाले! खेळाडूंच्या पायातली ती बेडी तुटायला १९७५ साल उजाडावे लागले.