राहून गेलेली मुदत

व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप रात्री सुरू होतो. सकाळी पाहावे तर पिंगला उत्तर येते, पण लॉगिन होत नाही. डिस्कवर लिहायला गेलेली प्रत्येक प्रोसेस अडकून बसलेली असते. फाइलसिस्टिम गोठवली गेली आणि सोडवायची राहिली. असे मुळात होऊच कसे शकते, हे कळायला लिनक्स कर्नलच्या 2009 सालच्या नोंदी वाचाव्या लागतात.

पहिली नोंद जानेवारी 2009 ची, ताकाशी सातो यांची. चालू फाइलसिस्टिमवरचे लिखाण थोपवण्याची सोय ईएक्सटी3 मध्ये नव्हती, त्यामुळे स्टोरेजच्या स्नॅपशॉटमधून सुसंगत बॅकअप मिळत नसे. त्यासाठी व्हीएक्सएफएससारखी विकतची फाइलसिस्टिम वापरली जाई, असे त्यात म्हटले आहे. सातोंच्या पॅचने गोठवण्याचा आणि सोडवण्याचा असे दोन सामाईक आदेश आणले आणि मार्चमधल्या 2.6.29 आवृत्तीत ते सर्वांच्या हाती आले. मूळ प्रस्तावात आणखी एक भाग होता: ठरलेली मुदत संपली की फाइलसिस्टिम आपोआप मोकळी व्हावी. तो मात्र आत आला नाही.

दुसरी नोंद त्याच वर्षीची, एरिक सँडीन यांची. मुदतीचा प्रस्ताव स्वीकारला गेला नाही, हे ती उघड सांगते. माउंट पॉइंटवर काही माउंट केलेले नाही हे विसरून कुणी तो गोठवला, तर मूळ फाइलसिस्टिमच गोठेल, अशी शक्यताही ती मांडते. उपाय म्हणून सिसआरक्यूला, म्हणजे कीबोर्डवरून कर्नलला थेट आदेश देण्याच्या सोयीला, ‘जे’ ही कळ दिली गेली: सगळे गोठवलेले एका दमात सोडवणारी. तेच अक्षर का, तर ‘एच’ मदतीसाठी राखून ठेवल्यावर तेवढेच उरले होते!

विंडोजच्या व्हीएसएस या स्नॅपशॉट सेवेत रायटरच्या, म्हणजे ॲप्लिकेशनच्या बाजूच्या घटकाच्या, गोठण्याला 60 सेकंदांची आणि लिखाण रोखून धरण्याला 10 सेकंदांची मर्यादा आहे. लिनक्सने ती घातली नाही. माझ्या मते तो निर्णय चुकीचा नव्हता. स्नॅपशॉट पुरा होण्याआधी फाइलसिस्टिम मोकळी झाली, तर बॅकअप बिघडतो आणि तसे कुणाला कळतही नाही.

खरी पंचाईत 2011 नंतरची. क्युएमू या हायपरवायझरच्या 0.15 आवृत्तीपासून गोठवण्या-सोडवण्याचे काम व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या गेस्ट एजंटकडे आले, म्हणजे गोठवणारा आणि सोडवणारा दोघेही त्याच गोठलेल्या घरात. म्हणून एजंट त्या काळात स्वतःचा लॉगसुद्धा लिहीत नाही. लिहायला गेला तर तोच अडकेल. नंतरच्या एका दुरुस्तीच्या नोंदीत लूप माउंटचे उदाहरण आहे. /tmp/disk.img ही फाइल /mnt वर माउंट केलेली. आधी मूळ फाइलसिस्टिम गोठवली, मग /mnt गोठवायला घेतली, की /mnt चा मेमरीतला उरलेला डेटा त्या फाइलमध्ये उतरवावा लागतो, आणि फाइल तर गोठलेल्या डिस्कवर. एजंट तिथेच थांबतो आणि सोडवायला कुणी उरत नाही. तेव्हापासून एजंट माउंटच्या उलट क्रमाने गोठवू लागला.

बॅकअप सांभाळणाऱ्यांना एवढीच विनंती: सोडवण्याचा आदेश स्क्रिप्ट मध्येच फसली तरी चालेल अशा जागी लिहा, लूप माउंट तपासा, आणि सिसआरक्यू बंद करून ठेवू नका. लॉगिन होत नसले तरी ‘जे’ची कळ हायपरवायझरवरून पाठवता येते.