चाळीसाचा हातचा

आदिलाबादच्या कापूस बाजारात आज क्विंटलशिवाय दुसरं माप ऐकू येत नाही. मण आणि शेर आजोबांबरोबरच गेले. पण गाडी रिकामी करून निघालेल्या शेतकऱ्याला विचारा, शेत किती? तो एकर-गुंठ्यांतच सांगेल. वजन बदललं, जमिनीचं माप बदललं नाही. या प्रश्नाच्या मागे मी लागलो तो एका चुकीमुळे, आणि चूक माझीच होती.

नोकरीची सगळी वर्षं मीटर-मिलिमीटरमध्ये काढल्यावर बेल्याकडच्या वडिलोपार्जित जमिनीचे कागद माझ्या हाती आले. पहाणीत तीन सर्व्हे नंबर: २.२५, १.३० आणि ३.३५. कॅल्क्युलेटरवर बेरीज ६.९०. म्हणजे सहा एकर छत्तीस गुंठे, असं मी चुलतभावाला सांगून टाकलं. वाटणीपत्रात तर आठ एकर दहा गुंठे. एक एकर चौदा गुंठे गेले कुठं? धुऱ्यापलीकडचं शेत धाकट्या काकांचं. आठ दिवस दोन घरांत बोलणं बंद होतं. शेवटी थोरल्या काकांनी कागद मागितला, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "अरे बापू, चाळीसाचा हातचा घे नं. दहाचा कायले घेतला?"

पहाणीतला तो ठिपका दशांशचिन्ह नव्हताच. त्याच्या उजवीकडे गुंठे असतात आणि ते ३९ च्या पुढं जात नाहीत. २५, ३० आणि ३५ मिळून ९०. त्यातल्या ८० चे दोन एकर झाले, उरले १०. आठ एकर दहा. धुरा जागच्या जागी होता. इंजिनिअरला गणित आलं नव्हतं.

हे चाळीस येतात साखळीतून. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विन्गेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर भागातून जी जमीन मोजणी सुरू केली, तिची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे बरोबर ४३,५६० चौरस फूट, इंग्रजांचा एकर. पुढं पहिल्या सालारजंगांच्या काळात निजामाच्या राज्यातही याच धर्तीवर मोजणी आली. रुपयाचे सोळा आणे पाठ असलेल्या माणसाला ही साखळी शिकवावी लागली नसेल.

गंमत म्हणजे मीटर आमच्याकडे आधीच आला होता, रुळांवर. लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत मीटर गेज ठरली, ती देशात मेट्रिक मापं येणार या भरवशावर. १८७१ मध्ये कायदाही झाला, पण तो अमलात आला नाही. मेयोचा १८७२ मध्ये अंदमानात खून झाला. मुदखेड-किनवट-आदिलाबाद गाडी मात्र या शतकापर्यंत त्याच मीटरवर धावली. आतले प्रवासी गुंठ्यांच्या गोष्टी करत.

१ नोव्हेंबर १९५६ ला किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघाले, आम्ही आंध्र प्रदेशात गेलो. त्याच डिसेंबरात वजन-मापांचा कायदा झाला, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो बाजारात आला. लोखंडी वजन जप्त करता येतं, नवं शिक्का मारून देता येतं. सर्व्हे नंबरांची टिपणं साखळी-आण्यांत लिहिलेली. ती कोण आणि कशी जप्त करणार? महाराष्ट्रानं सात-बारा हेक्टर-आरमध्ये आणला. आमच्याकडे पासबुक एकर-गुंठ्यांतच राहिलं, आणि २०१८ मध्ये रयतू बंधूचे हंगामाला ४,००० रुपये मिळाले तेही एकरी. सरकारच एकरानं पैसे मोजतंय, तर शेतकऱ्यानं हेक्टर का शिकावा?

पैनगंगेपलीकडं, यवतमाळ जिल्ह्यात माझे मामा आहेत. त्यांच्या सात-बाऱ्यावर २.०२ लिहिलंय. आमच्या पहाणीत २.०२ म्हणजे दोन एकर दोन गुंठे. तिकडं तेच दोन हेक्टर दोन आर, म्हणजे जवळपास पाच एकर. आकडा एक, ठिपका एक, मधे फक्त नदी. त्यात आर आणि गुंठा इतके सारखे (गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००) की मामांकडं दोन्ही शब्द एकाच अर्थानं चालतात. पाच एकरांत हा फरक सव्वादोन आरांच्या वर जातो. धुऱ्यावरच्या भांडणाला तेवढं पुष्कळ आहे. मामा बोलताना मात्र अजून "पाच एकर"च म्हणतात. हेक्टर फक्त तलाठ्यासमोर.

मेट्रिक सोपं आहे, यात मला शंका नाही. पण सोपं म्हणजे आपोआप कळणारं नव्हे. हल्ली मी कुठल्याही कागदावर नुसता आकडा लिहीत नाही, पुढं एकक अक्षरांत लिहितो. मागं भाच्यानं मोबाईलवर मामांचे दोन सात-बारे काढले आणि बेरजेला बसला. आमच्या घरातला तो किस्सा त्याला माहीत होता. त्यानं आधीच विचारलं, "मामा, इथं हातचा कितीचा?"

"नदीपलीकडं शंभराचा."