ऋतु तसा गंध

पुरुषानें कोणत्या ऋतूंत कोणतें अत्तर लावावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ज्याचें उभें आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेलें, त्या शाळामास्तरानें असा विषय निवडावा याचें आपणांस नवल वाटेल. ‘मास्तरांना उतारवयांत नटण्याची हौस आली काय?’ असेंहि कोणी विचारील. हौस नाहीं, पण या विषयांत एकदां माझी चांगली फजिती झाली आहे, आणि त्या फजितीनें मला दीड हजार वर्षांच्या इतिहासाकडे नेलें. तो इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

सोयगांव हें अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशीं वसलेलें गांव. डोंगर चढला कीं मराठवाड्याचें पठार, आणि पायथ्यापासून पुढें खानदेशची सपाटी. येथला वैशाख कसा असतो हें ज्यानें तो भोगला आहे त्यासच ठाऊक. नोकरीच्या पहिल्याच वर्षीं, अशा एका वैशाखांत, मला एका आप्ताच्या लग्नास जावयाचें होतें. आठवड्याच्या बाजारांत एक वृद्ध अत्तरवाला पेटी मांडून बसत असे. त्याच्याजवळ मीं हिन्याची कुपी मागितली. तो म्हणाला, “मास्तर, हिना थंडीचा. आतां वाळा न्या, नाहींतर मोगरा न्या.” मला वाटलें, म्हातारा न खपणारा माल माझ्या गळ्यांत घालतो आहे. मीं हट्टानें हिनाच घेतला, आणि मान, मनगटें व सदरा यांना सढळ हातानें चोळून मांडवांत जाऊन बसलों. ऊन चढलें तसा गंधहि चढला. माझ्या दोन्ही बाजूंचे गृहस्थ कांहीं निमित्त काढून उठून गेले. शेवटीं मामा जवळ आले आणि हळूच म्हणाले, “अरे, विहिरीवर जा आणि आंघोळ करून ये बघू.”

आंघोळ करतांना मनांत आलें कीं, त्या अत्तरवाल्यास जें कळत होतें तें मला, चार पुस्तकें वाचलेल्या माणसास, कां कळूं नये? त्याचें ज्ञान केवळ धंद्याच्या अनुभवाचें होतें, कीं त्याच्या मागें कांहीं शास्त्र होतें?

शास्त्र होतें, आणि तें फार जुनें होतें. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यक ग्रंथाच्या सूत्रस्थानांत तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. कोणत्या ऋतूंत काय खावें, कोठें निजावें, कसें वस्त्र ल्यावें हें सांगतां सांगतां ग्रंथकार अंगास कोणता गंध लावावा हेंहि सांगतो. हेमंतांत केशर आणि कस्तुरी यांचा लेप लावावा व अगरूचा धूप घ्यावा. शिशिरांत हाच क्रम अधिक कसोशीनें पाळावा. वसंतांत स्नानानंतर कापूर, चंदन, अगरु आणि केशर यांची उटी लावावी, कारण तो थंडी व उष्मा यांच्या सांध्याचा काळ. ग्रीष्मांत चंदन. वर्षाकाळीं सुवासिक असावें आणि वस्त्रें धुपावीं. शरदांत पुन्हां चंदन, वाळा आणि कापूर.

या यादींतील शेवटच्या नोंदीकडे मी आपलें विशेष लक्ष वेधतों. पाऊस संपला म्हणजे थंडी आली, असा शहरांतील पुष्कळांचा समज असतो. वाग्भट तसें मानीत नाहीं. पावसानंतरचें ऊन अंगांतील पित्त खवळवितें, म्हणून त्या दिवसांत उन्हाळ्यासारखेच शीतल गंध घ्यावे, असें त्याचें मत. आश्विनांतील आपल्याकडील उष्मा, ज्यास आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतों, तो ज्यानें अनुभवला असेल त्यास हें म्हणणें तत्काळ पटेल. ग्रंथकारानें पंचांगापेक्षां हवेकडे अधिक पाहिलें होतें.

यामागील साधें कारण आजच्या विज्ञानासहि मान्य होईल. सुगंधी द्रव्याचे कण हवेंत उडून नाकापर्यंत पोंचतात तेव्हां वास येतो. हवा आणि कातडी जितकी तापलेली, तितके ते कण अधिक वेगानें सुटतात. थंडींत जो जड गंध हलके हलके दरवळतो, तोच उन्हाळ्यांत एकदम सुटून माणसाचें डोकें उठवितो. उलट, उन्हाळ्याचा हलका गंध पौषाच्या पहाटे लावला तर तो जणूं कुपींतच राहिला असें वाटतें. माझ्या हिन्याची कथा यापेक्षां निराळी नव्हती.

आतां आमच्या तालुक्यांतील एका जगप्रसिद्ध स्थळाकडे वळूं. अजिंठ्याचीं लेणीं सोयगांव तालुक्यांतच आहेत. त्यांतील उत्तमोत्तम चित्रें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं. सतराव्या लेण्यांतील आरशांत पाहून प्रसाधन करणारी स्त्री सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तेथले पुरुषहि पाहावे. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीच्या हातांत नीलकमल आहे, मस्तकावर मुकुट आहे, आणि त्याच्या मुद्रेवर जी करुणा आहे तिला त्या फुलानें कोठेंहि बाध येत नाहीं. पुरुषानें सुगंध धारण करणें म्हणजे बायकीपणा, ही कल्पना त्या चित्रकारांस ठाऊक नव्हती.

या चित्रांनंतर फार काळ लोटण्यापूर्वीं, सहाव्या शतकांत, वराहमिहिरानें ‘बृहत्संहिता’ लिहिली. त्या ग्रंथांत ‘गंधयुक्ति’ नांवाचा एक अध्यायच आहे. मी गणिताचे तास घेतलेला माणूस, तेव्हां मला त्यांतील गणिताचा मोह आवरत नाहीं. सोळा सुगंधी द्रव्यें घ्यावीं, चार ओळी व चार स्तंभ अशा सोळा घरांत मांडावीं, आणि प्रत्येक घरांत त्या द्रव्याचे भाग अंकानें लिहावे. कोणतीहि ओळ अथवा स्तंभ घ्या, अंकांची बेरीज १८ च येते. सोळांतून चार द्रव्यें निवडण्याचे प्रकार १,८२० होतात. प्रत्येक निवडींत प्रमाणांच्या अदलाबदलीनें ९६ प्रकार धरले कीं एकंदर सुगंध १,७४,७२० होतात. ग्रंथकारानें ही संख्या बरोबर दिली आहे. ज्या समाजांत अत्तराचा हिशेब इतक्या बारकाईनें होत होता, त्या समाजास तो छंद क्षुल्लक वाटत नसला पाहिजे.

पुढें सहाशें वर्षांनीं ही विद्या आपल्या अगदीं शेजारीं राजदरबारांत दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) यानें ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचें बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण; मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हां याच राजवटीखालीं होता. स्नान, तांबूल, वस्त्र यांप्रमाणेंच विलेपन हाहि या ग्रंथांत राजाचा एक स्वतंत्र उपभोग मानला असून, ऋतु पालटला कीं उटी पालटावी हा विचार तेथेंहि आहे.

परंतु हें सारें संस्कृतांत आणि राजवाड्यांत राहिलें काय? नाहीं, आणि याचें श्रेय पुण्याच्या एका संशोधकास आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं गंगाधराचा ‘गंधसार’ आणि एका अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ या ग्रंथांचें हस्तलिखित अभ्यासकांपुढें आणलें. या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. हे दोन्ही ग्रंथ बडोद्याहून १९८९ मध्यें छापून प्रसिद्ध झाले. आपण कल्पना करा: सुगंध तयार करण्याच्या कृति कोणी मराठींत समजावून लिहितो, याचा अर्थ त्या वाचून काम करणारा, संस्कृतांत फारसा न रमणारा कोणी कारागीर किंवा गृहस्थ त्याच्यासमोर असला पाहिजे. राजाची विद्या बाजारांत उतरल्याची ती निशाणी होय.

मुसलमानी अमलांत या परंपरेस नवें बळ मिळालें. ‘अत्तर’ हा शब्दच अरबी ‘इत्र’ पासून आला. विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारीं सुगंधावर ‘इत्र-इ-नौरसशाही’ नांवाचा ग्रंथ लिहिला गेला. उत्तरेंत अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’मध्यें बादशहाच्या खुशबूखान्याचें वर्णन केलें असून, त्यांत अरगजा हें मिश्रण उन्हाळ्यांत अंग थंड राखण्यासाठीं वापरतात अशी नोंद आहे. म्हणजे धर्म बदलला, भाषा बदलली, तरी ऋतूचा नियम तोच राहिला. गुलाबाचें अत्तर नूरजहानच्या आईनें गुलाबपाणी काढतांना वर आलेल्या तवंगावरून शोधलें, असें जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. मराठी दरबारांत बैठक संपली कीं अत्तर, गुलाब व विडा देण्याचा प्रघात होता. आपल्या लग्नकार्यांत अत्तरदाणी व गुलाबदाणी अजून फिरतात, ती त्याचीच आठवण.

आतां ज्या अत्तरवाल्यानें मला शहाणपण सांगितलें त्याच्या पेटीकडे परत येऊं. अशा पेटींतील उत्तम माल उत्तर प्रदेशांतील कनोजचा असतो. तेथील अत्तरांस २०१४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. तेथें तांब्याच्या मोठ्या हंड्यांत फुलें व पाणी घालून झांकण मातीनें लिंपतात, खालीं जाळ घालतात, आणि वाफ वेळूच्या नळीनें पाण्यांत ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यांत नेतात. त्या भांड्यांत चंदनाचें तेल असतें. फुलाचा गंध त्यांत मुरतो. हंड्यास ‘देग’ आणि दुसऱ्या भांड्यास ‘भपका’ म्हणतात. येथें ऋतूचा आणखी एक संबंध ध्यानांत येतो. मोगरा उन्हाळ्यांत फुलतो, केवडा पावसाळ्यांत. ज्या ऋतूंत जें फूल उमलतें, त्याच ऋतूंत त्याचा गंध शोभतो. निसर्गानेंच ही निवड अर्धी करून ठेविली आहे.

या पेटींतील सर्वांत आश्चर्यकारक कुपी म्हणजे मातीच्या अत्तराची. भाजलेली माती देगेंत घालून पहिल्या पावसाचा वास चंदनाच्या तेलांत पकडतात. १९६४ मध्यें ईझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियांतील दोघां संशोधकांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत या वासाची मीमांसा केली व त्यास ‘पेट्रिकोर’ असें नांव दिलें. त्यांना हिंदुस्थानांतील या अत्तराची माहिती होती. शास्त्रज्ञांनीं ज्यास १९६४ मध्यें नांव दिलें, तें आमचे गंधी त्यापूर्वींच कुपींत भरून विकीत होते.

आतां एक खंत सांगतों. खानदेशच्या डोंगरांत पावसाळ्यानंतर एक उंच, सुवासिक गवत फुलावर येतें. त्यास तिखाडी किंवा रोशा म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत त्याचें तेल तेथें भट्ट्यांवर काढीत. तें मुंबईहून तांबड्या समुद्राकडील बंदरांस आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलकडे जाई. त्याचा वास गुलाबाशीं मिळताजुळता असल्यानें गुलाबाच्या महागड्या अत्तरांत त्याची भेसळ होई, आणि युरोपच्या बाजारांत त्यास चक्क ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. गवत आमच्या डोंगरांतलें, घाम आमच्या माणसांचा, आणि नांव तुर्कस्तानचें व गुलाबाचें! येथें तें सांधेदुखीवर चोळण्याचें तेल म्हणूनच लोकांस ठाऊक राहिलें.

मग जुनी रीति मोडली कशी? १७०९ मध्यें कोलोन शहरीं फारिना यांचा धंदा सुरू झाला, आणि तेथील सुगंधी पाणी पुढें आपल्याकडे तापाच्या पट्ट्यांसाठीं घरोघर आलें. १८६८ मध्यें पर्किननें कुमारीन हें सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि सुगंधास फुलाची व ऋतूची गरज उरली नाहीं. रासायनिक द्रव्यांची मी निंदा करीत नाहीं. कस्तुरीमृगास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभय मिळालें तें योग्यच झालें; कस्तुरीसाठीं आतां रसायनाकडेच गेलें पाहिजे. माझें दुःख निराळें आहे. आजचा तरुण एकच बाटली घेतो आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत तीच अंगावर उडवितो. ती बाटली त्याच्याविषयीं पुष्कळ बोलते. बाहेर कोणता महिना चालू आहे याविषयीं अवाक्षर काढीत नाहीं.

जुना माणूस कानांत अत्तराचा फाया ठेवी, तेव्हां त्याच्या शेजारीं बसणाऱ्यास न पाहतां कळे कीं उन्हाळा लागला किंवा मार्गशीर्ष आला. गंधाच्या द्वारें तो आपल्या ऋतूशीं आणि आपल्या शेजाऱ्याशीं जुळवून घेत असे. मांडवांत माझ्याजवळून जे उठून गेले, त्यांचा मीं अपराध केला होता तो हाच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. उन्हाळ्यांत आणि आश्विनांतील उन्हांत वाळा, चंदन किंवा मोगरा. पावसाळ्यांत केवडा अथवा मातीचें अत्तर. थंडींत हिना, केशर, अगरु. आणि केव्हांहि लावा, थोडेंच लावा. मुलास सुटींत डोंगराकडे न्याल तेव्हां तिखाडीचें एक पान त्याच्या हातीं देऊन चुरडावयास सांगा. त्याला तें गुलाबासारखें वाटलें तर त्यास सांगा कीं, बाळा, हा वास आपल्या डोंगराचा आहे, आणि त्याचें नांव तिखाडी.