हुनर आणि निवड : वर्धा योजनेपासून ‘कौशल बोध’पर्यंत

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला वेगवेगळ्या व्यवसायांची ओळख करून द्यावी, हा विचार अलीकडचा आहे असे मानले जाते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे त्याची चर्चा वाढली हे खरे. परंतु शाळा आणि हुनर यांचे नाते त्याहून बरेच जुने आहे. या नात्याच्या इतिहासात एक प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. हाताने करायचे काम शाळेत आले, पण ते निवडण्याचा अधिकार मुलाला होता काय? कारागीर समाजाच्या दृष्टीने हाच कळीचा प्रश्न आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तेथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम असे विषय शिकवले जात आणि तेही देशी भाषांतून. विषय निवडण्याची मुभा होती, परंतु ती शाळा ओलांडून आलेल्या तरुणांना. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा विचार तेथे नव्हता. तो प्रथम व्यापक प्रमाणावर झाला तो वर्ध्यास.

22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि अभ्यासक्रम तयार करण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. हैदराबादेत जन्मलेले, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेले झाकीरसाहेब तेव्हा जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, प्रा. के. टी. शहा आणि ख्वाजा गुलामुस्सय्यदैन अशी मंडळी होती. 2 डिसेंबरला अहवाल सादरही झाला. इतक्या कमी अवधीत तयार झालेला हा दस्तऐवज आजही वाचण्यासारखा आहे.

सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी सात वर्षांचा अभ्यासक्रम आखण्यात आला. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यांपैकी 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगासाठी. संगीत, चित्रकला व गणित मिळून 40 मिनिटे, मातृभाषा 40 मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान 30 मिनिटे, व्यायाम 10 आणि सुट्टी 10. हे वेळापत्रकच योजनेचा स्वभाव सांगते. मूलोद्योग हे येथे शिक्षणाचे माध्यम होते. मुलाने पुढे कोणता धंदा करावा, हे अजमावण्याचे ते साधन नव्हते. सूतकताईतून गणित आणि कापसातून भूगोल शिकवावा, अशी कल्पना होती. कोणता उद्योग शिकवायचा हे शाळेच्या परिसरावरून ठरायचे. मुलाला विचारण्याचा प्रसंग फारसा येत नसे.

झाकीरसाहेब या योजनेचे शिल्पकार असले तरी आंधळे समर्थक नव्हते. शिक्षणाने स्वतःचा खर्च स्वतःच भागवावा या मुद्द्यावर अतिरेकी भर दिल्यास शिक्षक मुलांकडून वेठबिगारासारखे काम करून घेतील आणि मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, अशा आशयाचा इशारा त्यांनी परिषदेतच दिला होता. प्रा. शहा यांनीही शालेय मालाच्या विक्रीविषयी आपला मतभेद नोंदवला. मुस्लिम लीगने 1938 मध्ये वर्धा योजनेवर जो हल्ला चढवला, त्याचा रोख मुख्यतः धर्म, भाषा आणि काँग्रेसी राजकारण यांवर होता. परिणामी झाकीरसाहेबांनी उपस्थित केलेला खरा शैक्षणिक प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला. समाजाचे यात नुकसानच झाले.

खुद्द जामियाच्या प्राथमिक शाळेत मात्र वेगळा प्रयोग चालू होता. अब्दुल गफ्फार मुधोली यांनी तेथे प्रकल्प पद्धती रुजवली. मुले आपली बँक आणि आपले दुकान चालवीत. हिशेब ठेवणे, माल मोजणे, गिऱ्हाइकाशी बोलणे ही कामे मुले स्वतः करून पाहत. व्यवसायपरिचय हा शब्दही तेव्हा शाळांत रुळलेला नव्हता. पण आज त्या नावाने जे सुचवले जाते, त्याच्याशी वर्ध्याच्या टकळीपेक्षा ही बँक अधिक जवळची आहे.

निवडीचा प्रश्न उघडपणे चव्हाट्यावर आला तो 1953 मध्ये, मद्रास राज्यात. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांच्या योजनेनुसार प्राथमिक शाळेतील मुलाने दिवसाचा काही भाग शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात आईवडिलांचा धंदा शिकावा. पेरियार व इतरांनी ही योजना जातीनुसार धंदा लादणारी ठरवली आणि 1954 मध्ये कामराज यांनी ती मागे घेतली. न्हाव्याच्या मुलाला वस्तरा आणि विणकराच्या मुलाला माग देणारी शाळा कोणाला हवी असेल?

1964-66 च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ ही संज्ञा पुढे आणली. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, आणि सदस्यांत वर्धा समितीतलेच सय्यदैन होते. जवळजवळ तीन दशकांचा दुवा असा एका व्यक्तीत सापडतो. पुढे 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. बहुतेक शाळांत या विषयांची अखेर कागदी फुले आणि मेणबत्त्या यांत झाली, हे कोणीही जुना विद्यार्थी सांगेल.

अपवाद म्हणून पाबळचे नाव घ्यावे लागते. पुणे जिल्ह्यातील या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीची मुले आणि मुली, दोघेही, आठवड्यातून एक दिवस कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चारही क्षेत्रांत काम करीत. चारही क्षेत्रांतून सर्वांना जावे लागे, हा त्यातला मर्म. वेल्डिंग मुलाचे आणि स्वयंपाक मुलीचा, अशी वाटणी तेथे नव्हती. शिकवणारेही बव्हंशी गावातले हुनर जाणणारे लोक.

2020 च्या धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आणि स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या सान्निध्यात काम असे सुचवले. 2023 च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने त्याला चौकट दिली : सजीवांसंबंधीचे काम, यंत्रे व साहित्य यांसंबंधीचे काम आणि मानवी सेवा, या प्रत्येक प्रकारातला एक प्रकल्प दरवर्षी, आठवीपर्यंत एकूण नऊ. 2024 मध्ये एनसीईआरटीचे सहावीचे ‘कौशल बोध’ हे पुस्तक आले.

पाबळप्रमाणे येथेही प्रत्येक मुलाला तिन्ही प्रकारांतून जावे लागते. ही बाब मुस्लिम शिक्षणसंस्थांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर 2006 च्या सच्चर अहवालानुसार 6 ते 14 वयोगटातील सुमारे 25 टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून गेली होती. स्वयंरोजगार व कारागिरी यांवर समाज किती अवलंबून आहे, हेही त्याच अहवालाने दाखवले. अशा घरातील मुलाला बापाच्या हुनराची लाज वाटू नये, हे शाळेने पाहिलेच पाहिजे. आणि तो हुनर म्हणजेच आपले विधिलिखित, असेही त्याला वाटता कामा नये.

आराखड्याने प्रकल्प ठरवण्याचे काम स्थानिक साधनांच्या आधारे शाळेवर सोपवले आहे. ज्या मोहल्ल्यात घरोघरी एकच धंदा चालतो, तेथे स्थानिक साधन म्हणून प्रथम तोच धंदा हाताशी येतो, आणि शिकवायला येणारा उस्तादही वर्गातल्या चार-पाच मुलांचा मामू किंवा चाचा निघतो. यंत्रांच्या प्रकल्पासाठी तो माग घेतला, तर त्याच मुलांना त्याच वर्षी रोपवाटिका किंवा दवाखान्याची नोंदखिडकी कोण दाखवणार, हे शाळेला जूनमध्येच ठरवावे लागेल.