पिशवी काढण्याआधी

सोलापूरहून बीडकडे येताना चौसाळा लागतं. हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा जिल्हा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फडात फेडायची. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं की बाईचा खाडा ठरलेला. मग कुणीतरी म्हणतं, पिशवीच काढून टाका.

जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा दिला: तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहात एक! त्यात कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या.

आता जरा मागे, इंग्लंडात जाऊ. १८७३ मध्ये विल्यम गल या डॉक्टरने सुस्त, सुजलेल्या बायकांचं दुखणं लिहून ठेवलं. ते थायरॉईडचं आहे हे नंतर कळलं. १८९१ मध्ये जॉर्ज मरे याने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली. थायरॉईडवर इलाज आहे हे तेव्हापासून माहीत आहे, सव्वाशे वर्षं उलटून गेली.

पाळीशी त्याचा संबंध काय? थायरॉईड कमी पडला की बीज वेळेवर सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम खूप रक्त जातं. रक्त गोठायलाही वेळ लागू शकतो. हे कळायला टीएसएच नावाची एक रक्ततपासणी लागते, आणि उपाय म्हणजे रोज सकाळी एक गोळी. बीडच्या सगळ्या बायकांना थायरॉईडच होता, असं मी म्हणत नाही हां. गाठी असतात, संसर्ग असतो, लवकरची लग्नं आणि बाळंतपणं असतात. पण कारण न शोधता थेट ऑपरेशन, हे मला पटत नाही.

२०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. बरं झालं. कारण पिशवी गेली की पाळी थांबते, पण थायरॉईड कमी असेल तर तो कमीच राहतो. थकवा, सूज, जड अंग तसंच, आणि पहाटे पुन्हा मोळी डोक्यावर.