जर्मन विद्यार्थी-संघांची मेन्झूर आणि मराठी तालमींचा दांडपट्टा

जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील काही विद्यार्थी-संघांत धारदार शस्त्राने खेळल्या जाणाऱ्या नियमबद्ध द्वंद्वास ‘मेन्झूर’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘माप’ असा असून दोन प्रतिस्पर्ध्यांमधील ठरीव अंतरावरून हे नाव रूढ झाले. मराठी मुलखातील दांडपट्ट्याप्रमाणेच येथेही शस्त्रविद्या हे शील घडविण्याचे साधन मानले गेले. मात्र ही विद्या कोणाची, हा प्रश्न दोन्हीकडे महत्त्वाचा ठरला.

संघांचा उगम

‘कोर’ व ‘बुर्शनशाफ्ट’ हे या संघांचे दोन प्रमुख प्रकार होत. कोर हे अधिक जुने. नेपोलियनविरोधी युद्धातून परतलेल्या विद्यार्थ्यांनी १२ जून १८१५ रोजी येना येथे पहिली बुर्शनशाफ्ट स्थापन केली. विखुरलेल्या जर्मन संस्थानांचे एक राष्ट्र व्हावे, हे तिचे ध्येय होते. ऑक्टोबर १८१७ मध्ये वार्टबुर्ग किल्ल्यावर विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा भरला. १८१९ च्या कार्ल्सबाड आदेशांनी या चळवळीवर बंदी आली. जर्मनीच्या आजच्या ध्वजातील काळा, तांबडा व सोनेरी हे रंग याच चळवळीशी जोडलेले आहेत. बिस्मार्क हा गटिंगेन येथील एका कोरचा सदस्य होता, तर समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर हायडेलबर्गच्या एका संघात होता.

मेन्झूरची रीत

आरंभी अपमानाच्या निमित्ताने द्वंद्वे होत आणि भोसकण्याच्या शस्त्रामुळे प्राणहानीही होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिची जागा ठरवून खेळल्या जाणाऱ्या मेन्झूरने घेतली. दोन निरनिराळ्या संघांतील तुल्यबळ विद्यार्थ्यांची जोडी लावली जाते. डोळ्यांवर व नाकावर धातूचे कवच, मानेस जाड पट्टा आणि हाताला व छातीला संरक्षण असते. डोके व गाल मात्र उघडे राहतात. हातातील सरळ पात्याच्या ‘श्लेगर’ने केवळ मनगटाच्या जोरावर वार करायचे. पाय हलवणे, मान मागे घेणे किंवा दचकणे निषिद्ध असते. शेजारी साहाय्यक व डॉक्टर उभे असतात.

मेन्झूरमध्ये जय-पराजय नसतो. घाव चुकविणे नव्हे, तर घावासमोर स्थिर राहणे ही येथील कसोटी. गालावर उरणारा ‘श्मिस’ नावाचा व्रण एके काळी सुशिक्षित वर्गाची ओळख होता. अमेरिकी लेखक मार्क ट्वेन याने हायडेलबर्ग येथे पाहिलेल्या अशा द्वंद्वांचे वर्णन १८८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात केले आहे.

प्रतिष्ठेची कुंपणे

या बंधुभावाला दुसरी बाजू होती. विसाव्या शतकाकडे जाताना अनेक संघांत ज्यूद्वेष बळावला. पुढे झिओनवादाचा प्रणेता ठरलेला थिओडोर हर्झल याच कारणावरून १८८३ मध्ये व्हिएन्नातील आपल्या संघातून बाहेर पडला. १८९६ च्या वाइडहोफेन ठरावाने तर ज्यू विद्यार्थ्यास अब्रूच नसल्याने त्याच्याशी द्वंद्व खेळू नये, असे ऑस्ट्रियातील जर्मन राष्ट्रवादी संघांनी जाहीर केले. ज्यू विद्यार्थ्यांनी आपले स्वतंत्र संघ काढून तलवार हाती धरली, ती ही अवहेलना खोडून काढण्यासाठी.

तालीम आणि दांडपट्टा

मराठी परंपरेतील पट्टा हे लांब, सरळ, दुधारी व लवचीक पात्याचे शस्त्र होय. त्याची लोखंडी मूठ हात कोपराच्या दिशेने झाकते. नवशिका आधी फरी-गदग्यावर हात बसवतो. मेन्झूरमध्ये पाय रोवायचे असतात. पट्ट्यात सारे कौशल्य पदन्यासात व फिरतीत असते. डोळे बांधून लिंबू कापणे ही त्यातील सफाईची परिचित परीक्षा.

जातिबंधने या समाजातही कडक होती. तरीही पुण्यात मातंग समाजातील वस्ताद लहुजी साळवे (१७९४–१८८१) यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. जन्माने खालचे ठरविलेल्या माणसाचे गुरुपद येथे विद्येच्या बळावर मान्य झाले. वाइडहोफेनच्या ठरावाने नेमकी हीच वाट बंद केली होती.

बर्लिन, १९३६

वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी, मल्लखांब आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. अमरावती तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होती. आज मध्य प्रदेशात असलेला बालाघाट जिल्हाही त्याच प्रांताचा भाग होता. वऱ्हाडातील आखाड्याचे खेळाडू जर्मन राजधानीत पोहोचले, त्या सुमारास नाझी राजवटीने तेथील बहुतेक शस्त्रधारी विद्यार्थी-संघ विसर्जित करून आपल्या संघटनेत ओढले होते. ज्यूंना दूर ठेवूनही त्या संघांना स्वतःचे अस्तित्व राखता आले नाही.

सद्यःस्थिती

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनीही हे संघ बंद ठेवले. पुढे १९५३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने, पुरेशा संरक्षणासह ठरवून खेळलेली मेन्झूर दंडनीय नसल्याचा निर्णय दिला. आज काही संघांत ती सक्तीची, काहींत ऐच्छिक असून अनेक संघांनी ती सोडली आहे. दांडपट्टा कोल्हापूरसह ठिकठिकाणच्या आखाड्यांत शिकवला जातो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने त्यास राज्यशस्त्राचा दर्जा जाहीर केला. अनेक आखाड्यांत आता मुलीही पट्टा फिरवतात.